घरी बांधलेल्या विमानात पंखातलं पेट्रोल मुख्य टाकीत कसं आणायचं

चवथीला आठवडा उरला होता. पावसामुळे दोन महिने काम बंद होतं. त्या दिवशी ऊन पडलं म्हणून मी डिचोलीतल्या शेडचं दार उघडलं, डाव्या पंखातल्या टाकीत दहा लिटर पेट्रोल ओतलं आणि ते पुढच्या टाकीत आणणारा पंप चालू केला. पंप नेहमीसारखा टकटकत होता. तीन-चार मिनिटांनी पंखातून ‘टण्ण’ असा आवाज आला, पत्र्याचा डबा दाबल्यावर येतो तसा. तपासणीचं झाकण काढून बॅटरी मारली, तर अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीची एक बाजू तळहात मावेल एवढी आत गेली होती. कारण हवेच्या नळीत, म्हणजे व्हेंटमध्ये सापडलं. पावसाच्या दिवसांत कुंभारीण माशीनं तिथे मातीचं घर केलं होतं, करंगळीच्या पेराएवढं आणि सिमेंटसारखं घट्ट. पंप पेट्रोल ओढत होता आणि बदली हवा आत येत नव्हती, म्हणून टाकीच आत ओढली गेली.

हे जमिनीवर घडलं, म्हणून आज मी हे लिहितो आहे. डिचोली-सत्तरीच्या खाणींवर यंत्रं दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हायड्रॉलिकच्या नळ्या रोज हाताखाली असायच्या, त्यामुळे विमानाची इंधनव्यवस्था सोपी जाईल असं वाटलं होतं. ती मला तीनदा उसवून पुन्हा बांधावी लागली. तुम्ही नव्यानं या कामाला हात घालत असाल, तर निदान त्यातल्या दोन वेळा तुमच्या वाचाव्यात.

पुढचे आकडे माझ्या विमानाचे आहेत: दोन आसनी, पंख खाली, रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन. आसनांच्या पुढे ४० लिटरची मुख्य टाकी आणि दोन्ही पंखांत ३५-३५ लिटरच्या टाक्या. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

१. पत्रव्यवहार आधी, पत्रा नंतर

पहिला रिव्हेट मारण्याआधी डीजीसीएशी, म्हणजे विमानांना परवाने देणाऱ्या सरकारी खात्याशी, पत्रव्यवहार सुरू करा. कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचं विमान २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. तेवढा धीर धरण्याची तयारी ठेवा. गोव्यात दाबोळी नौदलाचा तळ आहे आणि २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला मोपा प्रवासी विमानांचा. त्यामुळे विमान इथे बांधायचं आणि पंख काढून ट्रकवरून बाहेरच्या धावपट्टीवर न्यायचं, हे धरूनच आराखडा करा. प्रत्येक पंखाच्या मुळाशी इंधनाच्या नळीला सहज सुटणारा जोड लागतो, हे मला दुसऱ्या बांधणीत सुचलं.

सुरुवातीपासून एक फाइल ठेवा. तिच्यात हे हवं:

– इंधनव्यवस्थेचं रेखाचित्र: प्रत्येक जोड, झडप, गाळणी आणि व्हेंट दाखवलेलं, तारीख घातलेलं
– नळ्या, जोड आणि पंपांची बिलं व धातूचे दाखले
– टाक्या बंद करण्याआधी आतून काढलेले फोटो (नंतर ते काढता येत नाहीत)
– वजन आणि समतोलाचा तक्ता
– चाचण्यांची वही, चुकलेल्या चाचण्यांसकट

हत्यारांत ३७ अंशांचं फ्लेअरिंग टूल (जोडासाठी नळीचं टोक फुलवायचं हत्यार), नळी वाकवायचं यंत्र, टॉर्क पाना, अंश दाखवणारी लेव्हल, खुणांचं मापपात्र, स्टॉपवॉच, जमिनीशी जोडायची तांब्याची तार आणि कोरड्या पावडरचं अग्निशामक. परवान्याशिवाय स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंतच पेट्रोल बाळगता येतं, तेव्हा चाचणीसाठी शेडमध्ये पिंप भरून ठेवू नका. थोडं आणा, एकेका टाकीची चाचणी करा.

२. रस्ता एकच ठेवा

कागदावर पहिली रेघ मारण्याआधी ठरवा की इंजिन कोणत्या टाकीतून पिणार. माझं उत्तर आहे: फक्त मुख्य टाकीतून. पंखातलं पेट्रोल पंपानं मुख्य टाकीत यायचं आणि मग इंजिनाकडे जायचं. पंखातून थेट इंजिनाकडे जाणारा दुसरा रस्ता ठेवायचा नाही.

याचा फायदा असा की आणणारा पंप बंद पडला, तरी इंजिन त्या क्षणी थांबत नाही. मुख्य टाकीत २० लिटर असताना बिघाड कळला, तर ७५ टक्के शक्तीला ताशी साडेअठरा लिटर या हिशेबानं तासाभराचं पेट्रोल हातात असतं, आणि उतरायची जागा शोधायला तेवढा वेळ पुरतो.

नवखे लोक इथे ‘दोन्ही टाक्या एकदम’ अशी खूण असलेला सिलेक्टर, म्हणजे कोणत्या टाकीतून प्यायचं ते ठरवणारी झडप, बसवतात, कारण उंच पंखांच्या प्रशिक्षण विमानांत त्यांनी तो पाहिलेला असतो. तिथे पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरतं. खालच्या पंखाच्या विमानात पंपाला ते ओढावं लागतं, आणि दोन टाक्यांपैकी एक रिकामी झाली की पंप सोप्या वाटेनं, म्हणजे रिकाम्या टाकीतून हवाच ओढतो. दुसरी टाकी भरलेली असली तरी इंजिन बंद पडतं.

३. हवेची वाट

शापोऱ्याच्या जेटीवर पहाटे उभे राहा. होडीचं आउटबोर्ड इंजिन चालू करण्याआधी रापणकार पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू सैल करतो आणि मगच रबरी फुगा दाबतो. स्क्रू विसरला तर समुद्रात थोडं आत गेल्यावर इंजिन गुदमरतं, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. विमानाच्या टाकीचं तसंच आहे. जेवढं पेट्रोल बाहेर जाईल, तेवढी हवा आत यायलाच हवी.

व्हेंटची नळी टाकीच्या सर्वांत उंच कोपऱ्यातून निघाली पाहिजे. पंख टोकाकडे वर उचललेले असतील तर तो कोपरा बाहेरच्या बाजूला असतो. तिथून नळी सतत चढत वर जावी आणि मग सतत उतरत पंखाखाली बाहेर पडावी. मधे कुठेही झोळ नको. झोळात पेट्रोल साचलं की हवेची वाट तिथेच बंद होते, आणि नळी बाहेरून मात्र ठणठणीत दिसते.

झाकणाला भोक पाडून व्हेंट करायचा मोह टाळा. उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे तिथून हवा आत यायच्या ऐवजी पेट्रोल बाहेर शोषलं जातं.

व्हेंटची तोंडं वाऱ्याला समोर ठेवायची आणि दोन्ही पंखांवर तंतोतंत सारखी. १०० नॉट वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब पेट्रोलच्या साधारण २२ सेंटीमीटर उंच स्तंभाएवढा असतो. एका बाजूचं तोंड पुढे आणि दुसऱ्याचं किंचित मागे वळलेलं असेल, तर टाक्यांवर वेगवेगळा दाब येतो, आणि त्या एकमेकींना जोडलेल्या असल्या तर पेट्रोल एकीतून दुसरीत आपोआप सरकतं. तोंडाला स्टीलची बारीक जाळी लावा, आणि नळीच्या मागच्या बाजूला, आडोशाला, एक छोटं भोक ठेवा. पुढचं तोंड बुजलं तरी टाकी श्वास घेत राहते. ते भोक माझ्या पहिल्या बांधणीत नव्हतं.

४. पेट्रोल कोणतं

आता रस्त्यावरच्या पंपावर मिळणारं साधं पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंतच चालतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गोव्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये हवेत पाण्याला तोटा नसतो. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. पंपाची नळी तिथूनच ओढते. पॉलिएस्टर रेझिनच्या फायबर टाक्या आणि जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलमध्ये मऊ पडतं. टाकी फायबरची असेल तर त्याच रेझिनचा तुकडा महिनाभर पेट्रोलच्या बरणीत बुडवून ठेवा आणि नखानं दाबून बघा.

इथेनॉल ओळखायची परीक्षा सोपी आहे. १०० मिलिच्या मापपात्रात १० मिलि पाणी घ्या, त्यावर ९० मिलि पेट्रोल घाला, बूच लावून हलवा आणि स्थिर होऊ द्या. खालचा पाण्याचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. ई-२० असेल तर तो थर पंचविशीच्या पुढे चढलेला दिसतो, कारण इथेनॉल पाण्यात उतरतं. ही परीक्षा मी शेजारच्या बारावीच्या मुलांना दाखवली, आणि ते नळकांडं बराच वेळ हातातून सोडत नव्हते.

विमानाचं अ‍ॅव्हगॅस १०० एलएल हा खात्रीचा पर्याय. इंडियन ऑइलनं २०२२ मध्ये ते देशात, वडोदऱ्याच्या रिफायनरीतून काढायला सुरुवात केली. त्याआधी ते आयात व्हायचं. त्यात शिसं असल्यानं रोटॅक्सचं ऑइल मात्र लवकर बदलावं लागतं.

५. पंप

पंप ओढण्यापेक्षा ढकलण्यात चांगला असतो. पेट्रोलवर ओढ पडली की दाब कमी होतो, आणि मे महिन्याच्या उन्हात तापलेलं पेट्रोल नळीतच उकळून तिथे वाफेचा बुडबुडा बसतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. म्हणून पंप टाकीच्या शक्य तितका जवळ आणि शक्य तितका खाली बसवा. माझा पहिला पंप पायाशी, हात पोचेल असा होता. आता दोन्ही पंखांच्या मुळाशी एकेक आहे.

वेग किती हवा? पूर्ण शक्तीला हे इंजिन ताशी २७ लिटर पितं. पेट्रोल आणणारा पंप त्याहून निश्चित जास्त देणारा हवा, नाहीतर मुख्य टाकी भरायच्या ऐवजी उतरतच जाईल. डब्यावर छापलेला आकडा मोकळ्या नळीचा असतो. गाळणी, वळणं आणि चढ यांनंतर माझ्या पंपाचा वेग ताशी ६० लिटर भरला.

या आकड्यातूनच वैमानिकाच्या हाती सर्वांत उपयोगी तपासणी येते. पंप तासाला ६० आणतो, इंजिन साडेअठरा पितं, म्हणजे मुख्य टाकीत तासाला साडेएकेचाळीस लिटरची भर. १० मिनिटांत काटा सुमारे ७ लिटर वर आला पाहिजे. तेवढा आला नाही, तर पेट्रोल दुसरीकडे चाललं आहे किंवा येतच नाही. दोन्ही वेळा पंप बंद करा आणि मुख्य टाकीत आहे त्यावर उतरायची जागा ठरवा. हा ‘१० मिनिटांत ७’ मी पॅनेलवर कोरून घेतला आहे.

६. नळ्या आणि जोड

गॅरेजमध्ये ब्रेकच्या नळ्यांसाठी असतं ते फ्लेअरिंग टूल ४५ अंशांचं. विमानाच्या नळ्यांना लागणारे ‘एएन’ प्रमाणाचे जोड ३७ अंशांचे. ४५ ची नळी ३७ च्या जोडावर चढते, घट्टही होते, आणि काही तासांच्या थरथरीनंतर कडेला तडा जाऊन झिरपायला लागते. खाणीवरच्या हायड्रॉलिकचे जेआयसी जोडसुद्धा ३७ अंशांचेच आहेत, त्यामुळे कोनाची सवय माझ्या हाताला होती. पण ते जोड पोलादी आणि जड, आट्यांची बारकाई वेगळी, म्हणून विमानात ते वापरू नका. फ्लेअर करण्याआधी कापलेल्या टोकाची धार आतून-बाहेरून काढा आणि नंतर भिंगातून बघा. केसाएवढी चीर दिसली तरी ते टोक कापून टाका.

पांढरी टेफ्लॉन टेप इंधनाच्या जोडांवर नको. तिचे धागे सुटून थेट पंपाच्या झडपेत किंवा कार्ब्युरेटरमध्ये अडकतात.

टाकीतून बाहेर पडणाऱ्या तोंडावर बोटासारखी जाळी हवी, इंचाला ८ ते १६ छिद्रांची, आणि जाळीचं मोकळं क्षेत्र नळीच्या तोंडाच्या किमान पाचपट. प्रत्येक टाकीच्या तळाला पाणी काढायची तोटी, आणि पूर्ण व्यवस्थेच्या सर्वांत खालच्या जागी गाळणीची वाटी. रबरी नळ्यांचा पाच वर्षांचा हिशेब वहीत लिहून ठेवा. दिसायला चांगल्या असल्या तरी त्या बदलायच्या.

७. ओतून जाणं आणि उलटं जाणं

पेट्रोल आणणारा पंप चालू राहिला आणि वैमानिक विसरला, तर मुख्य टाकी भरून तिच्या व्हेंटमधून पेट्रोल बाहेर जातं. वैमानिकाच्या समजुतीत ते अजून विमानात असतं. यासाठी तीन गोष्टी एकत्र करा: मुख्य टाकीच्या वरच्या भागात फ्लोट स्विच, जो रिलेमार्फत पंप तोडतो, पंपाला वीज जात असेतो पेटलेला दिवा, आणि १५ मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर. फ्लोट एकटा पुरेसा नाही, तो अडकतो.

उलटं जाणं लवकर लक्षात येत नाही. खालच्या पंखाच्या विमानात मुख्य टाकी पंखापेक्षा उंच असते. आणणाऱ्या नळीचं तोंड मुख्य टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेलं असेल, तर पंप बंद झाल्यावर सायफन होऊन पेट्रोल पंखात परत उतरू शकतं. रात्री ३० लिटरवर ठेवलेली माझी मुख्य टाकी सकाळी १८ वर होती, आणि खाली एक थेंबही सांडलेला नव्हता. आता ती नळी टाकीत अगदी वरून, भरलेल्या पातळीच्याही वर उघडते आणि तिच्यात एकदिशा झडप आहे. टाकी काठोकाठ भरायची नाही. तापलेलं पेट्रोल फुगतं, त्यासाठी निदान २ टक्के जागा रिकामी लागते.

८. हाताच्या अंतरावर

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळ समुद्रात विमान कोसळून गेले. विमान घरी बांधलेलं लाँग-ईझी होतं. त्याचा इंधनाचा सिलेक्टर मूळ आराखड्यातल्या जागी नव्हता. बांधणाऱ्यानं तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. मूठ जड फिरायची आणि तिच्यावर खुणा नव्हत्या. तपासात निष्पन्न झालं की तो फिरवायला मागे वळताना नकळत उजव्या रडरवर, म्हणजे विमानाचं नाक उजवीकडे वळवणाऱ्या पायपट्टीवर, पाय दाबला गेला असावा. हा अहवाल मी वाचला त्या संध्याकाळी माझ्या विमानातली झडप काढून पुढे आणली.

पट्टे आवळून, डोकं समोर ठेवून, डोळे मिटून सगळ्या मुठी आणि बटणं हाताला लागतात का ते बघा. घरातल्या कोणाला तरी नावं घ्यायला सांगा आणि तुम्ही हात लावा. इंजिनाला पेट्रोल देणारा जादा पंप आणि टाकी भरणारा पंप यांची बटणं वेगळ्या आकाराची आणि एकमेकांपासून लांब असावीत. दोघांना फ्यूजही वेगळे.

९. वजन सरकतं

३५ लिटर पेट्रोल म्हणजे लिटरला ०.७२ किलोप्रमाणे २५.२ किलो. माझ्या विमानात ते पंखातून मुख्य टाकीत येताना ६० सेंटीमीटर पुढे सरकतं. ४५० किलोच्या विमानात त्यानं गुरुत्वमध्य सुमारे ३४ मिलिमीटर पुढे येतो. दोन्ही पंखांसाठी, मुख्य टाकी भरलेली आणि रिकामी, एक माणूस आणि दोन माणसं असे सगळे तक्ते करा. आडव्या समतोलासाठी एका पंखातून १० लिटर, मग दुसऱ्यातून १०, असं आलटून पालटून आणायचं.

१०. चाचण्या

गळती आधी. टाकीची सगळी तोंडं बंद करा, एकाला फुगा बांधा, किंचित हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा. हे पहाटे करा. ऊन चढलं की आतली हवा फुगते, आणि फुगा टिकला की गळला ते कळत नाही.

मग प्रवाह. नाकाखाली ठोकळे घालून विमान तुमच्या सर्वांत तीव्र चढापेक्षा ५ अंश जास्त कलतं करा. मुख्य टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा, कार्ब्युरेटरजवळची नळी सोडून मापपात्रात धरा आणि घड्याळ लावा. पंपाच्या व्यवस्थेला पूर्ण शक्तीच्या गरजेच्या १२५ टक्के प्रवाह हवा, नुसत्या उतारावर चालणारीला १५० टक्के. ताशी २७ लिटरच्या इंजिनासाठी पंपानं मिनिटाला किमान ५६३ मिलि. धार तुटेपर्यंत चालू ठेवा आणि टाकीत उरलेलं मोजा: ते न वापरता येणारं पेट्रोल. नाक खाली करून हेच पुन्हा करा. दोन्हींतला मोठा आकडा काट्यावर शून्याची जागा ठरवतो. त्या वेळी विमान, मापपात्र आणि डबा तांब्याच्या तारेनं एकमेकांशी आणि जमिनीशी जोडलेले असू द्या, शेडची दारं उघडी ठेवा, आणि अग्निशामक हातात घेतलेला दुसरा माणूस उभा करा. एकट्यानं ही चाचणी करू नका.

शेवटी प्रत्येक व्हेंटमध्ये मुद्दाम बूच घालून पंप एक-दोन मिनिटंच चालवा, एक हात टाकीवर आणि दुसरा बटणावर ठेवून. मागच्या भोकातून हवा आत येताना बारीक शीळ ऐकू येते. शीळ नसेल किंवा पत्रा हाताला आत जाताना लागला, तर पंप लगेच बंद करायचा आणि ते भोक मोठं करायचं.

विमान शेडमध्ये उभं असताना माझ्या तिन्ही व्हेंटमध्ये आता लाल फीत बांधलेली बुचं असतात. पंप किंवा इंजिन चालू करण्याआधीच्या यादीत पहिली ओळ त्यांचीच आहे: तीन फिती काढून हातात मोजायच्या आणि मगच आसनावर बसायचं.